डिव्हाइस ड्रायव्हरमध्ये इंटिजर ओव्हरफ्लो कसा टाळायचा, एकेक पायरी करून

१२ बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप) घ्या, रेफरन्स ३.३ व्होल्ट. ड्रायव्हरमधली ओळ साधी आहे: मिलिव्होल्ट = रॉ * ३३०० / ४०९६. रॉ, म्हणजे एडीसीने दिलेला कच्चा आकडा, जास्तीत जास्त ४०९५, गुणाकार होतो १,३५,१३,५००, ३२ बिटमध्ये आरामात बसतो, त्यामुळे वर्षानुवर्षं त्या ओळीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग कोणाला तरी मायक्रोव्होल्ट हवे होतात, आणि पॅच करणारा ३३०० पुढे तीन शून्यं वाढवून मोकळा होतो. टेबलवर अर्धा व्होल्ट देऊन बघितलं, रीडिंग बरोबर आलं, पॅच मर्ज. आता व्हेरिएबल यू३२ (३२ बिटचा, निगेटिव्ह न होणारा) असेल तर रॉ १३०१ पर्यंत सगळं ठीक, उत्तर येतं १०,४८,१६८ मायक्रोव्होल्ट. रॉ १३०२ झाला की गुणाकार होतो ४,२९,६६,००,०००, म्हणजे २ चा ३२वा घात ओलांडला, वरचा बिट गायब, उरले १६,३२,७०४, भागिले ४०९६, उत्तर ३९८ मायक्रोव्होल्ट. एक व्होल्टच्या वरचं रीडिंग एकदम जवळजवळ शून्य. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही.

ओव्हरफ्लोचं, म्हणजे आकडा त्याच्या टाइपमध्ये न मावण्याचं, हेच वाईट आहे, चूक होते एका ठिकाणी आणि बोंब होते तिसऱ्याच ठिकाणी. वरच्या केसमध्ये फक्त आकडा चुकला, पण तोच आकडा बफरची साईज असता तर कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेमरी खराब झाली असती, आणि कर्नलमध्ये तुम्हाला वाचवायला खाली कोणी बसलेलं नाही.

खालचं सगळं लिनक्स ड्रायव्हर डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण मायक्रोकंट्रोलरवरच्या कोडलाही बहुतेक भाग जसाच्या तसा लागू पडतो. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आणि बेसिक एकदाच सांगून टाकतो: सी मध्ये अनसाइन्ड (निगेटिव्ह न होणारी) संख्या ओव्हरफ्लो झाली की गोल फिरून शून्यापासून सुरू होते, हे स्टँडर्डमध्येच लिहिलंय. साइन्ड (निगेटिव्हही होऊ शकणाऱ्या) संख्येचा ओव्हरफ्लो मात्र अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे कंपायलर असं धरून चालू शकतो की तो कधी होणारच नाही, आणि तुम्ही लिहिलेला 'अ + १०० < अ' असला चेक सरळ उडवून टाकू शकतो. लिनक्स कर्नल 'एफ-नो-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो' फ्लॅग लावून बिल्ड होतो म्हणून तिथे साइन्डही गोलच फिरतं, पण तोच कोड उचलून फर्मवेअरमध्ये टाकलात की तो फ्लॅग तिथे असेलच असं नाही.

पायरी १: आकडे कुठून येतात ते लिहून काढा

बरेच जण ओव्हरफ्लो म्हटलं की गुणाकार शोधत फिरतात आणि जिथे दिसेल तिथे एक इफ चिकटवतात. मला ही पद्धत पटत नाही, ही वरवरची मलमपट्टी झाली. गुणाकाराचा दोष नसतो, दोष असतो त्यात शिरलेल्या आकड्याचा, ज्याला दारात कोणी विचारलंच नाही की बाबा तू किती मोठा.

म्हणून आधी ड्रायव्हर उघडा आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक आकड्याची यादी करा. यूजरकडून येणारे लगेच दिसतात: आयऑक्टलचं (प्रोग्रामने ड्रायव्हरला हुकूम द्यायच्या कॉलचं) स्ट्रक्चर, सिसएफएसच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फाइल्स, मॉड्यूल पॅरामीटर, एममॅपचा (डिव्हाइसची मेमरी प्रोग्रामला जोडून देणाऱ्या कॉलचा) ऑफसेट. मग डिव्हाइस ट्री (बोर्डवर कोणतं हार्डवेअर आहे त्याचं वर्णन) आणि फर्मवेअर फाइलचा हेडर. पण लोक विसरतात ते खुद्द हार्डवेअरकडून येणारे आकडे. डिव्हाइस आपलंच आहे, ते कशाला खोटं बोलेल, असं वाटतं. यूएसबीचं डिव्हाइस कोणीही लावू शकतं, आणि पीसीआय कार्ड चालू असताना निघालं तर ३२ बिटच्या रजिस्टर रीडला साधारणपणे सगळे बिट १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ मिळतात. तो आकडा तुम्ही लांबी म्हणून वापरलात तर काय होईल याचा विचार करा.

नेटवर्क ड्रायव्हरमधला नेहमीचा प्रकार जवळून बघू. आरएक्स डिस्क्रिप्टरमधून (आलेल्या पॅकेटबद्दल हार्डवेअरने लिहिलेल्या नोंदीतून) पॅकेटची लांबी यू१६ मध्ये येते, त्यातून शेवटचे ४ बाइट एफसीएसचे (पॅकेट नीट आलं का ते तपासायच्या चेकसमचे) वजा करायचे: लेन = लेन - ४. हार्डवेअरने गडबड करून लेन २ दिली तर २ - ४ यू१६ मध्ये होतं ६५५३४. पुढच्या ओळीत मेमकॉपी ६५५३४ बाइट उचलणार, बफर आहे २०४८ चा. वजाबाकीतही ओव्हरफ्लो होतो हे डोक्यात बसायला वेळ लागतो, बेरीज-गुणाकाराकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि वजाबाकी मात्र बिनबोभाट निसटते.

पायरी २: दारातच मर्यादा घाला, आणि आकडा एकदाच वाचा

यादी झाली की प्रत्येक आकड्याला एक कमाल किंमत ठरवा. टाइपची कमाल नको, कामाची कमाल हवी. तुमच्या हार्डवेअरमध्ये १०२४ डिस्क्रिप्टर आहेत तर यूजरचा काउंट १०२४ च्या वर गेला की तिथल्या तिथे -ईइनव्हॅल (चुकीची किंमत आल्याचा एरर कोड). लेन ४ पेक्षा कमी किंवा बफरपेक्षा जास्त असेल तर पॅकेट ड्रॉप, एरर काउंटर एकने वाढवा, पुढे चला. शून्य चालणार आहे का तेही आत्ताच ठरवा, कारण पुढे कुठेतरी 'काउंट - १' असणारच.

मर्यादा घातली की एक कामाची गोष्ट करता येते: बिल्ड_बग_ऑन किंवा स्टॅटिक_ॲसर्ट वापरून कंपाइल होतानाच सिद्ध करा की कमाल काउंट गुणिले एंट्रीची साईज ३२ बिटमध्ये बसते. उद्या कोणी स्ट्रक्चर फुगवलं किंवा मर्यादा वाढवली तर बिल्ड तिथेच फुटेल. कमेंट लिहून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कमेंट कोणी वाचत नाही.

आणि चेक केलेला आकडाच वापरा. आयऑक्टलमध्ये आधी हेडर कॉपी करून काउंट तपासला, मग पूर्ण स्ट्रक्चर पुन्हा यूजरकडून कॉपी केलं आणि त्यातला काउंट वापरला, तर मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने तो बदललेला असू शकतो आणि तुमचा चेक वाया गेला. डीएमए मेमरीतल्या (जिथे डिव्हाइस स्वतः थेट लिहितं) डिस्क्रिप्टरचंही तेच, रीड_वन्स करून लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, तपासा, आणि नंतर मूळ जागेकडे परत बघू नका.

पायरी ३: टाइप नीट बघा, सगळ्यात जास्त पाणी इथे मुरतं

या पायरीला वेळ द्या, घाई करू नका. सी मध्ये यू८ आणि यू१६ गणितात शिरले की आधी साइन्ड इंट होतात. म्हणजे तुम्ही सगळीकडे अनसाइन्ड लिहिलंय तरी गणित साइन्डमध्ये चाललेलं असू शकतं. फ्रेमची रुंदी आणि उंची दोन्ही यू१६, दोन्ही ५०,०००, गुणाकार २५० कोटी, इंटची कमाल २,१४,७४,८३,६४७, म्हणजे ओव्हरफ्लो झाला, आणि तो निगेटिव्ह आकडा साईज_टी (साईज ठेवायचा अनसाइन्ड टाइप) मध्ये गेला की ६४ बिटवर अवाढव्य होतो.

चार बाइट जोडून शब्द बनवणारा कोडही असाच. बाइट[३] << २४ लिहिलं, बाइटची किंमत १२८ किंवा वर असली की साइन बिट चढतो, आणि उत्तर यू६४ मध्ये टाकलं की वरचे ३२ बिट सगळे १ होतात. अपेक्षा होती २,१४,७४,८३,६४८ ची, हातात येतात १८४४६७४४०७१५६२०६७९६८. हाताने शिफ्ट करू नका, गेट_अनअलाइन्ड_एलई३२ आहे ना. तसंच १ << ३१ च्या जागी बिट(३१), आणि ३१ च्या पुढचा बिट असेल तर बिट_यूएलएल.

आता '६४ बिट मशीन आहे, काळजी कशाला' हे वाक्य. मधलं गणित कोणत्या टाइपमध्ये होतंय ते महत्त्वाचं, उत्तर कुठे ठेवलंय ते नाही. 'यू६४ टोटल = अ * ब' मध्ये अ आणि ब यू३२ असतील तर गुणाकार ३२ बिटमध्येच होतो, कापला जातो, आणि मग तो कापलेला आकडा मोठ्या थाटात ६४ बिटच्या डब्यात जाऊन बसतो. कास्ट (टाइप बदलणं) आधी हवा: (यू६४)अ * ब. पूर्ण कंसाबाहेर कास्ट लावलेला असेल तर तो शोभेचा आहे. पेज नंबरवरून फिजिकल ॲड्रेस काढतानाही हेच, ३२ बिट मशीनवर मेमरी ४ जीबीच्या वर असू शकते, त्यामुळे पीएफएन (तो पेज नंबर) आधी फिज_ॲड्र_टी मध्ये कास्ट करा आणि मग पेज_शिफ्टने डावीकडे सरकवा.

एडीसीच्या ओळीचा इलाजही हाच, (यू६४)रॉ * ३३००००० / ४०९६. भाजक २ चा घात आहे म्हणून हे ३२ बिटवर पण सरळ चालतं. भाजक ४०९५ असता तर ३२ बिट बिल्डमध्ये लिंकर यूडिव्हडीआय३ सापडत नाही म्हणून ओरडला असता, कारण कर्नलमध्ये ६४ बिट भागाकाराचं ते लायब्ररी फंक्शन बहुतेक ३२ बिट आर्किटेक्चरवर नसतं. तिथे डिव्ह_यू६४ वापरायचं. ही एरर आली म्हणून वैतागून कास्टच काढून टाकणारे लोक असतात, बिल्ड होतो, सगळे खुश.

साइन्ड लांबीबद्दल एकच उदाहरण देतो. 'इंट लेन' यूजरकडून आला -१, चेक आहे 'लेन > २५६', -१ काही २५६ पेक्षा मोठा नाही, चेक पास. पुढे कॉपी_फ्रॉम_यूजर लांबी अनसाइन्ड लाँग म्हणून घेतं, म्हणजे -१ चा झाला जगातला सगळ्यात मोठा आकडा. लांबी, काउंट, इंडेक्स यांना इंट वापरायचं खरं कारण फार क्वचित असतं. मात्र उलट्या लूपमध्ये अनसाइन्ड घेऊन 'आय >= ०' लिहू नका, ते नेहमीच खरं असतं आणि लूप संपतच नाही.

दोनातला लहान आकडा देणारं मिन_टी वापरतानाही टाइप बघून घ्या, ते तुलना करण्याआधी दोन्ही आकडे त्या टाइपमध्ये कोंबतं. मिन_टी(यू८, लेन, ६४) मध्ये लेन २६० असेल तर उत्तर ४ येतं. मिन_टी(इंट, ...) मध्ये ३०० कोटीचा यू३२ दिला तर तो निगेटिव्ह होतो आणि 'सगळ्यात लहान' म्हणून तोच निवडून येतो. साधा मिन साइन्ड-अनसाइन्डची सरमिसळ झाली तर सहसा कंपाइललाच अडवतो, म्हणून शक्यतो तोच वापरा, आणि तो ओरडला तर मिन_टीने त्याचं तोंड बंद करण्याआधी तो का ओरडतोय ते बघा.

पायरी ४: मेमरी मागताना गुणाकार स्वतः करू नका

केमॅलॉक(काउंट * साइजऑफ(एंट्री)) हा पॅटर्न दिसला की बदला, प्रश्नच नाही. एंट्री २४ बाइटची आणि काउंट १७,८९,५६,९७१ असेल तर ३२ बिटमध्ये गुणाकार गोल फिरून ८ येतो. ८ बाइट मिळतात, लूप मात्र जवळपास अठरा कोटी एंट्री लिहायला निघतो. आणि गुणाकार फिरून बरोबर शून्यावर आला, म्हणजे समजा १६ बाइटची एंट्री आणि काउंट २६,८४,३५,४५६, तर केमॅलॉक(०) नल देत नाही, झीरो_साईज_पॉइंटर नावाची खास किंमत देतं, त्यामुळे तुमचा 'पॉइंटर नल आहे का' हा चेक पण पास.

ॲरेसाठी केमॅलॉक_ॲरे किंवा केकॅलॉक वापरा, ते आत गुणाकार तपासतात आणि बसत नसेल तर सरळ नल देतात. हेडर आणि मागे लवचिक ॲरे असं स्ट्रक्चर असेल तर स्ट्रक्ट_साईज. त्याची गंमत अशी की ओव्हरफ्लो झाला तर ते साईज_मॅक्सवर अडकून बसतं, आणि तेवढी मेमरी कधीच मिळत नाही म्हणून ॲलोकेशन फेल होतं, जे आपल्याला हवंच आहे. पण दोन गोष्टींनी ही सेफ्टी मातीत जाते. एक, स्ट्रक्ट_साईजचं उत्तर इंट किंवा यू३२ मध्ये साठवणं. दुसरं, त्यात अजून काहीतरी मिळवणं: स्ट्रक्ट_साईज(...) + १६ केलं की साईज_मॅक्स पुन्हा फिरून १५ होतो. बेरीज करायचीच असेल तर साईज_ॲड, गुणायचं असेल तर साईज_मल, हे पण कमालीवर अडकतात.

ॲलोकेशन सोडून बाकी गणितासाठी चेक_ॲड_ओव्हरफ्लो, चेक_सब_ओव्हरफ्लो आणि चेक_मल_ओव्हरफ्लो आहेत, कर्नल ४.१८ पासून, म्हणजे २०१८ पासून. लक्षात ठेवायचं एवढंच की ओव्हरफ्लो झाला तर ते ट्रू देतात, म्हणजे 'इफ (चेक_मल_ओव्हरफ्लो(अ, ब, &क)) रिटर्न -ईओव्हरफ्लो' असं लिहायचं. फर्मवेअरमध्ये असाल तर जीसीसी ५ पासून बिल्टइन_मल_ओव्हरफ्लो मिळतं, आणि सी२३ मध्ये सीकेडी_मल वगैरे स्टँडर्डमध्येच आलेत. हाताने चेक लिहायची हौस आता सोडून द्यायला हरकत नाही.

पायरी ५: 'ऑफसेट + लांबी' चा चेक उलटा लिहा

ऑफसेट + लांबी > टोटल असेल तर एरर. दिसायला बरोबर, पण दोन्ही आकडे यूजरचे असतील तर बेरीज फिरून लहान होते आणि चेक आनंदाने पास होतो. एममॅप हँडलरमध्ये हे फार दिसतं, आणि तिथे हुकलं तर यूजरला भलतीच फिजिकल मेमरी मॅप करून मिळते. वजाबाकीने लिहा: ऑफसेट > टोटल असेल तर एरर, नाहीतर लांबी > टोटल - ऑफसेट असेल तर एरर. पहिली अट आधीच हवी, नाहीतर दुसरीतली वजाबाकी शून्याखाली जाते. एममॅपमध्ये व्हीएम_पीजीऑफ पेजच्या हिशोबात असतो, त्यामुळे शिफ्ट करून बाइट काढण्यापेक्षा तुलनाच पेजमध्ये करा, शिफ्टची भानगडच नको.

अलाइन मॅक्रोलाही विसरू नका. लांबी कमालीच्या अगदी जवळ असेल तर ६४ च्या पटीत वर नेताना ती थेट शून्य होते. मर्यादेचा चेक अलाइनच्या आधी पाहिजे.

पायरी ६: टाइमर आणि काउंटर, जिथे फिरणं नॉर्मल आहे

काही आकडे गोल फिरणारच, त्यांना थांबवायचं नसतं, सांभाळून घ्यायचं असतं. ३२ बिट मशीनवर एचझेड (सेकंदाला किती टिक) १००० असेल तर जिफीज (कर्नलचा टिक मोजणारा काउंटर) ४९.७ दिवसांत फिरतात. कर्नलने यावर मस्त युक्ती केलीय, जिफीज शून्यापासून सुरूच होत नाहीत, अशा किमतीपासून सुरू होतात की ३२ बिटवर बूटनंतर ५ मिनिटांत एकदा फिरतात, म्हणजे चुकीचा कोड टेस्टमध्येच उघडा पडतो. तुलना कधीही जिफीज > टाइमआउट अशी करू नका, टाइम_आफ्टर वापरा.

हार्डवेअरचा ३२ बिट बाइट काउंटर १० गिगाबिटच्या लिंकवर फुल स्पीडला साडेतीन सेकंदांच्या आतच फिरतो. फरक (यू३२)(आत्ताचा - मागचा) असा काढा, यू६४ मध्ये साठवत जा, आणि वाचणारा टाइमर त्या साडेतीन सेकंदांपेक्षा बराच कमी ठेवा, कारण दोन रीडच्या मध्ये काउंटर दोनदा फिरला तर कुठलंही गणित तुम्हाला वाचवणार नाही. रिंग बफरचे हेड-टेल यू१६ असतील तर तिथे कास्ट विसरू नका. हेड २, टेल ६५५३४, वजाबाकी इंटमध्ये होते -६५५३२, (यू१६) लावलं की बरोबर ४ येतात. हे चालायला रिंगची साईज २ चा घात हवी.

काउंटरची सवय हलक्यात घेऊ नका. २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल तातडीची सूचना काढली होती, फर्मवेअर अपडेट केलं नाही तर ३२,७६८ तास चालल्यावर ड्राइव्ह बंद पडेल आणि डेटा परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५वा घात, साइन्ड १६ बिटमध्ये न बसणारी पहिली संख्या. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी जाणार, म्हणजे रेडचाही (एक ड्राइव्ह गेला तरी डेटा वाचावा म्हणून अनेक ड्राइव्ह जोडण्याचा) उपयोग नाही.

रेफरन्स काउंट (एखादी मेमरी किती जण वापरतायत तो आकडा) असेल तर ॲटॉमिक इंट नको, रेफकाउंट_टी घ्या, तो फिरून शून्यावर येत नाही, एका ठरलेल्या किमतीला अडकतो आणि वॉर्निंग देतो. मेमरी लीक झाली तर झाली, फ्री झालेली मेमरी कोणी वापरण्यापेक्षा बरं.

पायरी ७: टेस्ट, आणि टूल्सवर किती भरवसा ठेवायचा

साईज काढणारं गणित छोट्या वेगळ्या फंक्शनमध्ये काढा, ज्याला हार्डवेअर लागत नाही, म्हणजे केयुनिटमध्ये (कर्नलच्या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये) टेस्ट करता येतं. किमती ठरलेल्या असतात: ०, १, तुमची मर्यादा, मर्यादा अधिक १, इंटची कमाल आणि तिच्यापुढचा आकडा, यू३२ ची कमाल, आणि तो खास काउंट ज्याने गुणाकार बरोबर शून्यावर येतो. मधल्या किमती टेस्ट करण्यात वेळ घालवू नका, तिथे काही सापडत नाही. ३२ बिटचा बिल्ड करून क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवून बघा, तुमच्या डेस्कवर ६४ बिट आहे म्हणून अर्धे बग लपून बसलेले असतात. आयऑक्टल असेल तर सिझकॉलरला (कर्नलला उलटसुलट इनपुट देऊन बग शोधणाऱ्या टूलला) त्याचं वर्णन लिहून द्या आणि रात्रभर सोडून द्या.

केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं टूल) लावलं तर ओव्हरफ्लोमुळे बफरबाहेर झालेलं लिखाण पकडलं जातं, म्हणजे परिणाम दिसतो. यूबीसॅन (अनडिफाइन्ड बिहेवियर पकडणारं टूल) चुकीचे शिफ्ट आणि ॲरेबाहेरचे इंडेक्स दाखवतं. पण अनसाइन्ड फिरणं सी च्या नियमात कायदेशीर आहे, त्यामुळे नेहमीच्या कॉन्फिगमध्ये यूबीसॅन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि ड्रायव्हरमधल्या साईज तर जवळपास सगळ्या अनसाइन्डच असतात. त्यामुळे यूबीसॅनचा लॉग कोरा आला म्हणून पायरी १ ची यादी फाडून टाकू नका, ती ड्रायव्हरच्या सोर्सशेजारीच ठेवा आणि नवीन आयऑक्टल किंवा नवीन रजिस्टर आलं की त्याच पॅचमध्ये तिच्यात एक ओळ वाढवा.